हात छाटलेला विषाणू

"याचे हात मीच छाटलेत," आमच्या प्रयोगशाळेतल्या बाई म्हणायच्या. हात म्हणजे विषाणूच्या कवचावरचं प्रथिन. त्यानंच तो डासाच्या पेशीला धरतो. ते काढलं की त्याला कुणालाच धरता येत नाही. "झाला बिचारा आपल्यासारखा, ना कुणाच्या अध्यात ना मध्यात," म्हणून त्या हसायच्या.

त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. बाईंनीच आत सोडलेला तो विषाणू पोटात घेऊन बाटलीत वाढणाऱ्या डासाच्या पेशींना खाऊ घालायला मी निवृत्तीनंतरही दर तिसऱ्या दिवशी येत राहिले. घरी तरी कोण वाट बघत होतं?

काल नवे साहेब म्हणाले, "मावशी, आता पुरे. उद्या ती शेवटची बाटली टाकून द्या."

आज सकाळी मी ती चपटी बाटली उजेडात धरली. पेशी तळाशी नेहमी एकसारख्या पसरतात. आज त्यांनी एकत्र येऊन पंजा उमटवला होता. त्याची तर्जनी अर्धीच होती. बाईंचीही तशीच होती, लहानपणी दारात सापडून तुटलेली.

मी बाटलीखाली माझा तळवा टेकवला, नुसतं माप बघायला.

आतली साडेचार बोटं हळूहळू मिटली, आणि मला माझा हात काढता येईना.