ज्याअर्थी

“‘प्रिमायसेस लक्षात घेऊन हे घर मी टॅमसिन ट्रेविन हिला देतो.’” हिक्स वकिलांनी पास्को मास्तरांच्या मृत्युपत्रातलं वाक्य वाचलं आणि मास्तरांचा पुतण्या डेन्झिल मोठ्याने हसला.

“घर लक्षात घेऊन घर देतो? वकीलसाहेब, काकांचं डोकं फिरलं होतं, याला आणखी काय पुरावा हवा? हे कोर्टात एक दिवस टिकायचं नाही.”

टॅमसिन दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. एकतीस वर्षं तिने पास्को मास्तरांचं घर सांभाळलं. त्यांचा स्वयंपाक, त्यांचे शर्ट, शेवटच्या हिवाळ्यात त्यांचं आजारपणही. मास्तर तिला कायम ‘मिस ट्रेविन’ म्हणत. ते गेले आणि अख्ख्या कॉर्नवॉलमध्ये तिला जायला ठिकाण उरलं नाही. पुतण्याने घर सोडायला शनिवारपर्यंतची मुदत दिली होती.

“बाई, ट्रंक भरायला घ्या,” डेन्झिल म्हणाला.

“थांबा.” वकिलांचा आवाज चढला. “तुमच्या काकांनी जन्मभर लॅटिन शिकवलं. शब्दात ते चुकायचे नाहीत. प्रिमायसेस म्हणजे मुळात घर नव्हेच. ‘आधी मांडलेलं’, एवढाच त्याचा अर्थ. तर्कशास्त्रात आधी काही मांडायचं, मग त्यावर निष्कर्ष काढायचा. खरेदीखतातही घराचं वर्णन सुरुवातीला एकदा करत आणि पुढे ‘वर सांगितलेलं’ म्हणून हा शब्द घालत. होता होता लोक त्यालाच घर समजायला लागले.”

“मग काकांनी आधी काय मांडलंय?”

“ते मी एकट्या मिस ट्रेविनना वाचून दाखवणार होतो. आता तुम्हीही ऐका.” वकिलांनी पहिलं पान वर घेतलं. “‘ज्याअर्थी १९२४च्या मे महिन्यात आईची अंगठी खिशात घालून मी टॅमसिनला बंदराच्या धक्क्यावर फिरायला नेलं, ज्याअर्थी तिथे तासभर मी फक्त मासळीबद्दल बोललो, ज्याअर्थी त्यानंतर रोज संध्याकाळी लग्नाचा विषय काढायचं ठरवून मी नुसता चहा मागितला, आणि ज्याअर्थी, ती नाही म्हणाली तर हे घर सोडून जाईल, या भीतीखेरीज माझ्या गप्प राहण्याला दुसरं कारण नव्हतं, त्याअर्थी…’”

वकील थांबले. डेन्झिल आपल्या बुटांकडे बघत राहिला.

“घर तुमचं, मिस ट्रेविन. कुठलंही कोर्ट ते काढून घेणार नाही.” वकिलांनी किल्ली टेबलावरून पुढे सरकवली.

टॅमसिनने किल्लीकडे पाहिलंही नाही. आपली खुर्ची ओढत ती टेबलाला चिकटून बसली.

“घराचं नंतर बघू,” ती म्हणाली. “ते पहिलं पान पुन्हा वाचा. जरा हळू.”