समोरच्या पायरीवरचं ऊन

पुढचा उजवा पाय. उचलत नाही.

पांढऱ्या पुडीत घोळवलेली झुरळं.

एक खुर्ची, बाहेर विसरलेली.

धूळ नसलेली गाडी.

उत्तरेकडे उघडणारं दार.

"हाडं रबरासारखी झालीत," ब्रॉनविन म्हणाली. ती जनावरांची डॉक्टर, गावात महिन्यातून एकदा येणारी. तिने सरड्याचा जबडा बोटाने हलकेच दाबला. जबडा वाकला. "मिलोराद, तुमचं घर फार छान, गार आहे. तेच याला मारतंय."

ऑस्ट्रेलियातल्या कूबर पीडीत सगळेच जमिनीत राहतात. ओपलचे रत्नखडे खणता खणता लोकांनी टेकड्यांतच घरं कोरली, कारण बाहेर उन्हाळ्यात माणूस भाजून निघतो. मिलोरादचं घर सगळ्यांत गार. इथला सूर्य उत्तरेकडून जातो आणि याचं दार दक्षिणेला. त्या दाराचा त्याला अभिमान होता. दाढीवाला सरडा, पाशा, याच घरात काचेच्या पेटीत लहानाचा मोठा झाला होता. म्हाताऱ्याशी बोलणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. पाशाही बोलत नव्हता, पण ऐकायचा.

"दिवा लावलाय की मी," मिलोराद म्हणाला.

"तुमच्या त्या जुन्या दिव्याने ऊब मिळते, हाडं होत नाहीत. खाण्यावर ही कॅल्शियमची पूड टाका. आणि रोज सकाळी ऊन. काचेतून नाही, उघड्यावर. वारा मात्र लागू द्यायचा नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर पुढच्या महिन्यात मला बोलावू नका."

जुलै होता. थंडी. दुसऱ्या सकाळी मिलोराद पाशाला स्वेटरच्या आत, छातीशी धरून अंगणात आला. अंगणावर त्याच्याच टेकडीची सावली होती. तो डावीकडे सरकला, सावली. उजवीकडे सरकला, तिथे वाळवंटातून येणारा वारा. पाशा थरथरू लागला.

गल्लीच्या पलीकडे मात्र ऊन होतं. समोरच्या घराचं दार उत्तरेला, पाठीशी टेकडी, वाऱ्याचा मागमूस नाही. दगडी पायरी नुसती उन्हाने भरली होती.

ती पायरी स्टेलिओसची.

एके काळी दोघांची खाण एक होती. मग एक चांगला खडा हरवला आणि मिलोराद क्लबात भरल्या टेबलावर म्हणाला, "ग्रीक माणसाचे खिसे खोल असतात." खडा पुढे मिलोरादच्याच जुन्या बुटात सापडला. गावाला कळलं. गाव हसलं. मिलोराद मात्र गल्ली ओलांडून गेला नाही. खाणी वेगळ्या झाल्या, वर्षं गेली.

समोरच्या खिडकीचा पडदा हलला. मिलोराद पाशाला घेऊन आत वळला.

दुसऱ्या सकाळी स्टेलिओसने कुत्र्याला गाडीत बसवलं आणि तो खाणींच्या रस्त्याने निघून गेला. इंजिनाचा आवाज विरेपर्यंत मिलोराद दाराशी उभा राहिला. मग चोरासारखा गल्ली ओलांडून पायरीवर बसला. पाशा उन्हात चपटा होत होत चपातीएवढा पसरला.

रोज तेच. गाडी गेली की हा येई, दुपारी इंजिन ऐकू आलं की पळे. एक दिवस पायरीशेजारी खुर्ची होती.

"बाहेरच राहिली बघ," तो पाशाला म्हणाला. "विसरभोळा झालाय म्हातारा."

खुर्ची दुसऱ्या दिवशीही विसरली होती.

दुपारी तो आपल्या दारातून पाही. खाणीवरून आलेला माणूस भुवयांपर्यंत पिठात लोळल्यासारखा दिसतो. स्टेलिओस उतरे तो चर्चला जाऊन आल्यासारखा. गाडीही स्वच्छ. "मजूर ठेवलेत वाटतं साहेबाने," मिलोराद पुटपुटे.

पाशाचा जबडा घट्ट झाला. तो झुरळावर स्वतः झेप घेऊ लागला. मागच्या पायांत जोर आला. आकाशात घार दिसली की दाढी फुगवून काळी करू लागला. फक्त पुढचा उजवा पाय तसाच लोंबकळत राहिला. महिना सरत आला होता.

त्या सकाळी गाडी नेहमीसारखी गेली, मिलोराद खुर्चीत येऊन बसला, पण परतीच्या इंजिनाचा आवाज आलाच नाही. स्टेलिओस गल्लीतून पायी चालत आला, कुत्र्याची दोरी हातात धरून.

"टायर गेला," तो कुत्र्याला सांगावं तसं म्हणाला.

मिलोराद खुर्चीतून उठला. पळायला जागा नव्हती. पाशाने या उंच माणसाकडे पाहिलं. मग हळूहळू पुढचा उजवा पाय वर उचलला, हवेत एक गोल काढला आणि खाली ठेवला.

तोच लोंबकळणारा पाय. पाशाने पाय पुन्हा उचलला. पुन्हा गोल.

"मला टाटा करतोय का हा?" स्टेलिओसने विचारलं.

"नाही," मिलोराद म्हणाला. "मोठा समोर आला की हे सरडे असं करतात. मी लहान आहे, चुकलं माझं, असं म्हणतात."

स्टेलिओस सरड्याकडे वाकला.

"याने बिचाऱ्याने काय केलंय? ज्याने केलं त्याचा हात तर धडधाकट आहे."

मिलोरादने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग तो वर उचलला, हवेत गोल काढला आणि खाली आणला.

कुत्रा भुंकला. स्टेलिओस इतका हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं.

"बस, बस लेका. दुसरी खुर्ची आणतो. कॉफी घेशील ना?"

"ग्रीक?"

"तुम्हा सर्ब लोकांचीच. फक्त चांगली केलेली."

तो आत गेला. भांड्यांचा आवाज आला. मिलोराद पाशाशेजारी पायरीवरच बसला आणि त्याने तोंड उन्हाकडे केलं.

स्टेलिओसने आपली खाण मागच्या नाताळाआधीच कायमची बंद केली होती.