शाळा कुणाची?

"हिला उन्हात कुणी उभं केलं?" चौथीतल्या दिलशादला सावलीत घेत मुख्याध्यापिका हेमलताबाई कडाडल्या.

"मी," विश्वस्त पारसनीस म्हणाले. "आमच्या गुरुमाउलींच्या फोटोला हात जोडत नाही ती." सभागृहात तो भलामोठा फोटो त्यांनी सकाळीच लावून घेतला होता.

"आपल्या शाळेत कुठल्याच पंथाची पूजा होत नाही. तसा शब्द देऊनच आपण मुलांना प्रवेश देतो."

"बाई, शाळा खासगी आहे. आम्ही म्हणू तसं चालेल."

हेमलताबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सरकारी अनुदान नाकारलं, ते शाळेवर कुणाची हुकमत नको म्हणून. तुमचीही नको!"

दिलशादचा हात धरून त्या तडक सभागृहात गेल्या, खुर्चीवर चढल्या आणि सगळ्या मुलांसमोर फोटो उतरवून मागून आलेल्या पारसनिसांच्या हातात दिला. "घरी पुजा."

"उद्यापासून येऊ नका!" पारसनीस ओरडले.

"नाही येणार. पण आज मुख्याध्यापिका मीच आहे. या मुलीची माफी मागा."

पारसनीस फोटो छातीशी धरून तरातरा निघून गेले. हेमलताबाई खाली बसल्या आणि शाळेच्या वतीने त्यांनीच दिलशादची माफी मागितली.