सामाईक यंत्राची खोली

“सही होणार नाही,” दादा म्हणाले आणि अर्ज टेबलावरून परत सरकवला.

शेजारच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई उभ्याच होत्या. घड्याळात साडेतीन झाले होते. पाच वाजता खालचं कार्यालय अर्ज घेणं बंद करणार होतं. कर्करोगाच्या गाठीतलं कोणतं जनुक घसा फोडून ओरडतंय आणि कोणतं मूग गिळून बसलंय, हे एका दिवसात सांगणाऱ्या यंत्रासाठी हा अर्ज होता. ते एकट्या प्रयोगशाळेला मिळत नसे. तीन प्रयोगशाळांनी मिळून मागायचं, तिन्ही प्रमुखांच्या सह्यांनी. दोन झाल्या होत्या; तिसरी दादांची राहिली होती.

“दादा, नमुने परगावी पाठवून उत्तर यायला सहा आठवडे लागतात. पेशंट तेवढं थांबत नाही.”

“ते मला शिकवू नकोस. यंत्र कुठे ठेवणार?”

“माझ्या खोलीत. न जाणारी वीज तिथेच आहे.”

“म्हणजे नाव सामाईक आणि किल्ली तुझ्या कमरेला! मागच्या खेपेचं विसरलीस?”

विसरणं शक्य नव्हतं. तीन वर्षांपूर्वी सामाईक डीप फ्रीजरही बाईंच्याच खोलीत होता. सुट्टीत तो बंद पडला. आत अलार्म कोकलत राहिला, बाहेर दादा दारावर धडका देत राहिले. त्यांच्या एक्केचाळीस गाठी वितळल्या. लाखात एखाद्यालाच होणारा कर्करोग; नऊ वर्षं वेचून वेचून जमवलेल्या. वितळलेल्या गाठीतलं जनुक पुन्हा बोलत नाही.

“फ्रीजर जुना होता,” हे बाईंचं ठरलेलं उत्तर. आजही ते ओठांपर्यंत आलं. त्यांनी ते गिळलं.

“किल्ली माझ्या पर्समध्ये होती,” त्या म्हणाल्या. “दुसरी मी मुद्दामच कुणाला दिली नव्हती. चूक माझी होती, दादा.”

दादांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा चढवला.

“हे म्हणायला तीन वर्षं लागली?” त्यांचा आवाज उतरला होता, हट्ट उतरला नव्हता. “आणि तोंडच्या वाफेवर मी पुढच्या गाठी सांभाळू होय?”

बाईंनी अर्ज उचलला आणि त्या बाहेर पडल्या.

सव्वाचारला व्हरांड्यातून ठोकाठोक ऐकू आली. दादा बघायला गेले. इमारतीचा सुतार बाईंच्या खोलीच्या बिजागऱ्या उखडत होता आणि बाह्या सरसावून बाई दार पेलत उभ्या होत्या.

“अगं वेडे, धूळ जाईल ना आत!”

“यंत्र येण्याआधी काचेचं सरकतं दार बसवतोय. कुलूप नसलेलं.”

“साहेब, नुसते बघत काय राहिलात?” सुतार धापा टाकत म्हणाला. “बाईंच्यानं एवढं वजन पेलायचं नाही. धरा खालून.”

दादांनी धरलं. तिघांनी दार बाहेर आणून दोन स्टुलांवर आडवं ठेवलं. दादांनी कंबर सरळ केली, खिशातून पेन काढलं.

“आण तो कागद.”

दारावरच अर्ज पसरून त्यांनी सही केली. आडनावाखाली रेघही ओढली.

पाच वाजायला दहा मिनिटं होती. अर्जाला वापराचं वेळापत्रक जोडायचं राहिलं होतं. बाईंनी तिथेच वाकून पहिली ओळ भरली.

“सोमवार तुमचा, दादा. पहिला नंबर.”

दादांनी चष्मा सावरून ती ओळ वाचली.

“मला नवी गाठ मिळायची, म्हणजे कुणाला तरी ती व्हायला हवी,” ते म्हणाले. “देव करो आणि माझा सोमवार रिकामाच जावो.”