मागचा पाय

आमच्या घरी सासूबाई घसा मोकळा करणारा काढा बनवून विकतात. मुळ्या दळायची चक्की मात्र इतकी घरघरते, की एकमेकींना हाका मारून आमचेच घसे बसले होते. त्यात पुढच्या सोमवारी मोठ्या औषध-दुकानाचे मालक काढा पसंत करायला येणार होते.

"बसल्या घशाच्या बाईकडून घशाचं औषध कोण घेईल गं?" सासूबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "तू एवढा बेडकांचा अभ्यास करतेस, त्याचा काही उपयोग?"

"आहे ना, आई. धबधब्याजवळचे काही बेडूक नुसत्या ओरडण्यावर विसंबत नाहीत. मागचा पाय लांब करून इशारा करतात."

"मग आपणही तेच करू. हात काय, मधाने बरबटलेलेच असतात!"

उजवा पाय मागे म्हणजे चक्की बंद कर, डावा म्हणजे बाटल्या आण, असं ठरलं. आठवडाभर कुणी ओरडलं नाही आणि घसे आपोआप मोकळे झाले.

सोमवारी मालक दारात आले, तेव्हा पंचाहत्तरीच्या सासूबाई उजवा पाय मागे ताठ करून एका पायावर उभ्या होत्या. मी चक्की बंद केली.

"या, बसा!" सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "ऐकलात ना आवाज? सगळा काढ्याचा गुण!"

मालक गुडघा धरून, कण्हत खुर्चीत बसले.



"काढ्याचं राहू द्या, आजी. तुम्ही गुडघ्यांना काय लावता, तेवढं द्या."