नेमणूक

"गोळी घेणार नाही. आधी सांग, रात्री झोपलास का?" मकारिओ आजोबांनी, म्हणजे लोलोंनी, फोनवर दरडावलं.

"लोलो, प्रश्न मी विचारायचे असतात," इसागानी म्हणाला.

"मग विचार की! तुझं तोंड कोणी धरलंय? पण आधी उत्तर दे."

"झोपलो. थोडा."

"घेतली गोळी."

रोज सकाळी हेच. मिंदानाओ बेटावरच्या लढाईतून इसागानी परतला तेव्हा त्याच्या अंगावर ओरखडाही नव्हता. पण मॉलमधली पहारेकऱ्याची नोकरी टिकली नाही. सामानाची गाडी धाडकन आपटली आणि तो गिऱ्हाइकांसमोर जमिनीवर पालथा पडला. माजी सैनिकांच्या कार्यालयातल्या पर्लिता मॅडमनी डॉक्टरांचं नाव सुचवलं. "मी वेडा नाही," एवढं बोलून तो उठला. मग त्यांनी त्याला हे काम दिलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या सैनिकांना घरूनच फोन करायचे, औषधपाण्याची चौकशी करायची. कुणाला तोंड दाखवायला नको, म्हणून त्याने ते घेतलं.

बाकीचे म्हातारे दोन वाक्यांत आटपत. मकारिओ मात्र चिवट. खिडकी उघडलीस का, दाढी केलीस का, आईशी बोललास का. इसागानीला वाटे, एकटं राहून म्हातारा चळलाय. सांभाळून घ्यायला हवं.

गावच्या जत्रेदिवशी पहाटेच फटाक्यांच्या माळा लागल्या. इसागानीने फोन बंद केला, दाराला कडी घातली आणि तो पलंगाखाली शिरला. पुढे किती वेळ गेला, त्याला कळलं नाही.

दारावर काठी बडवल्याचा आवाज आला.

"कॉर्पोरल! उघड, नाहीतर दार मोडतो. मग माझी हाडं गोळा करत बस!"

हा आवाज ओळखीचा होता. त्याने रांगत जाऊन कडी काढली. दोन गावं ओलांडून, गच्च भरलेल्या जीपनी गाडीत उभ्याने आलेला एक बुटका म्हातारा घामाने निथळत उभा होता. तो आत आला, काठी टाकली आणि गुडघे धरत इसागानीशेजारी जमिनीवर बसला. बाहेर आणखी एक माळ तडतडली. म्हाताऱ्याने त्याचा हात घट्ट पकडला. स्वतःही डोळे गच्च मिटून घेतले.

"माझंही अजून असंच होतं," मकारिओ म्हणाले.

त्यांच्या खिशातला फोन वाजला. कानाने अधू, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"सार्जंट, लागला का आपल्या कॉर्पोरलचा पत्ता?" पर्लिता मॅडम विचारत होत्या.

"लागला. उद्या डॉक्टरांकडे आणू का, ते त्यालाच विचारतो." म्हाताऱ्याने इसागानीकडे पाहिलं. इसागानीने होकाराची मान हलवली. "आणतो, मॅडम."

फोन बंद झाला.

"लोलो, तुमची चौकशी करायचं काम माझं होतं."

"होतं ना. आणि तुझी करायचं माझं," मकारिओ म्हणाले. "नेमणूक आधी माझी झाली."