मनासारखं पान

सकाळी टपरीवर चहा पिताना शशिकांत दाभाडे आपल्या जुन्या मित्राला, वसंत ऐनापुरेंना म्हणाले, "काल पाठवलेली कथा वाचलीस? मास्तर शेवटी एकटेच गेले रे. मला रडू आवरेना."

"गेले कुठे? मुलगा परत येतो की त्यांचा!" वसंतराव हसले. "माझ्या ब्राउझरला ठाऊक आहे, मला दुःखी शेवट सोसत नाही. तो बदलून देतो."

"कुठलाही मजकूर बदलणारी ती 'आवड' नावाची सोय मी बंद करून ठेवलीय. तूही कर, म्हणजे मूळ कथा दिसेल. आपल्याला बोलता तरी येईल."

"कशाला? आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्या मनासारखं होतंय."

मग बोलण्यासारखं काही उरलंच नाही. चहा संपवून दोघं उठले.

रिकाम्या घरी परतल्यावर शशिकांतरावांनी त्या ब्राउझरच्या पानावर आपलं मत लिहिलं : 'हा ब्राउझर घेऊ नका. यानं माझ्याजवळचं माणूस दूर नेलं.'

तासाभरात दोनशे जणांनी त्यांचे आभार मानले. एका बाईंनी लिहिलं होतं, 'काका, तुम्ही केलेलं कौतुक वाचून आजच आईलाही हाच घेऊन दिला. ती एकटीच असते.'